हॅगर्टीच्या जिन्यावरची हाळी

१

गार्थला गॅरेज हवं होतं, आईला चर्च आणि बसथांबा हवा होता, आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतील अशी वस्ती सेंट जॉन्समध्ये नाही, हे फिलोमिनानं आम्हाला विमानतळावरून आणतानाच सांगून टाकलं.

"दोन मिळतील," ती म्हणाली. "तिसरीसाठी भांडायचं असेल तर आत्ताच भांडून घ्या. मी गाडी हळू चालवते."

फिलोमिना करीन ही घरांची एजंट. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडाची फटकळ. आम्ही सस्कॅचेवानमधल्या यॉर्कटनचे, म्हणजे जिथं पाणी म्हटलं की शेततळं आणि उंच म्हटलं की धान्याचं कोठार. गार्थनं, माझ्या नवऱ्यानं, उभा जन्म कापणीची यंत्रं दुरुस्त केली होती. आता त्याला इथल्या बंदरात बोटींच्या इंजिनांचं काम मिळालं होतं. मी लोकांचे कान तपासते. ते काम कुठंही मिळतं, बहिरेपण सगळीकडे सारखंच. आणि आई, ऑरिसिया सेनिक, वय वर्षं चौऱ्याहत्तर. वडील गेल्यावर तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं.

"मी सामान आहे," असं ती निघताना म्हणाली होती. "मला कुठंही ठेवा." आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीवर तिचं मत होतं.

वस्ती ठरवायला आमच्याकडे एक आठवडा होता. पहिल्या दिवशी फिलोमिनानं शहराबाहेरची नवी वसाहत दाखवली. रुंद रस्ते, जुळी गॅरेजं, एकसारखी करडी घरं. गार्थ गॅरेजच्या दारात उभा राहून देवळात आल्यासारखा बघत होता.

"हे तर यॉर्कटनच," आई म्हणाली. "फक्त वारा जास्त. एवढ्यासाठी विमानात बसले होय मी?"

दुसरी जागा तळ्याकाठी होती. बदकं, बाक, जवळच चर्च, दारात बस. खिडकीतून समुद्र नव्हता, पण पाणी तरी होतं. आईनं बदकांना पाव घातला. गार्थनं तळघर बघून "इथं बसेल सगळं" असं म्हटलं. मीही हो म्हणणारच होते.

"अजून एक आहे," फिलोमिना म्हणाली. तिनं ते गाडीची किल्ली फिरवता फिरवता, आमच्याकडे न बघता म्हटलं. "गॅरेज नाही. गाडी दारापर्यंत जात नाही. धुकं फार. पण दाखवते, म्हणजे नंतर मला बोल नको."

२

बंदराच्या तोंडाशी टेकडीला चिकटून असलेल्या त्या वस्तीला सगळे हॅगर्टीचा जिना म्हणतात. खालच्या धक्क्यापासून वरच्या रस्त्यापर्यंत एक लाकडी जिना जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं लटकल्यासारखी उभी आहेत. लाल, पिवळी, निळी. मे महिना होता आणि खाली समुद्रात बर्फाचा एक डोंगर आरामात तरंगत होता, जणू तोही भाड्यानं जागा बघायला आला होता.

आम्हाला बघायचं होतं ते घर मोहरीच्या रंगाचं. शेजारच्या दारापाशी एक उंच म्हातारा रंगाचा डबा घेऊन उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि तोंडभर हसला.

"आलात," तो म्हणाला. मग त्यानं आमच्या मागं, जिन्याच्या वळणाकडे पाहिलं. "तिघंच? चौथा मागून येतोय का?"

"आम्ही तिघंच आहोत," मी म्हटलं.

"असं?" तो जरा गोंधळला. "बरं, बरं. या तर खरं."

"अँब्रोज," फिलोमिना म्हणाली, "तुझा रंग वाळतोय."

घर लहान होतं. जमीन इतकी तिरपी की गार्थनं ठेवलेला पेन्सिलीचा तुकडा भिंतीपर्यंत घरंगळत गेला. पण स्वयंपाकघराच्या खिडकीत अख्खं बंदर मावलं होतं. आई त्या खिडकीशी गेली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. आईनं एखाद्या घराला नावं न ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

"गॅरेज नाही," गार्थ म्हणाला.

"तुला गॅरेज हवंय की बायको?" आईनं विचारलं.

परतताना मी फिलोमिनाला विचारलं, त्या म्हाताऱ्याला आम्ही चौघं आहोत असं कोणी सांगितलं.

"मी नाही बाई," ती म्हणाली. "मी तर काल रात्रीपर्यंत तुम्हाला इथं आणणारच नव्हते."

३

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. घर मोजायचं होतं. आम्ही वरच्या रस्त्यावर उतरलो तोच समुद्रावरून धुकं आलं. गव्हाच्या शेतावरून धूळ येते तसं, भिंतीसारखं. बघता बघता गार्थचे बूट दिसेनात.

फिलोमिना गाडीतून उतरली नाही. "मी खालून वळसा घालून येते," ती म्हणाली. "आणि हे बघा, वळणावर आपलं नाव ओरडा. मोठ्यानं. समोरून येणारा आपलं ओरडेल. इथली रीत आहे. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. मागं एकदा कोणीतरी पाठीवर शेगडी घेऊन चढत होतं आणि पाद्री उतरत होते."

"मग?"

"पाद्री लंगडतात अजून."

आईला ही रीत फारच आवडली. पहिल्या वळणावर तिनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन "ऑरिसिया!" अशी हाळी दिली की टेकडी दुमदुमली. खालून कोणी बाई ओरडली, "ब्राइड!" मग धुक्यातून एक गुबगुबीत बाई बटाट्यांची पिशवी घेऊन वर आली. तिनं आईला आपादमस्तक न्याहाळलं.

"म्हणजे हा चेहरा होय त्या आवाजाचा," ती म्हणाली. "मी जाड बाई असेल समजत होते. चला, चहा टाकलाय."

"आम्ही घर मोजायला..." गार्थ म्हणाला.

"घर कुठं पळतंय का?"

ब्राइड पॉवरच्या स्वयंपाकघरात आधीच पाचसहा जण होते. अँब्रोजनं अकॉर्डियन आणलं होतं. माशाच्या टिक्क्या, काकवीचा पाव, आणि चहा असा की चमचा उभा राहावा. आईनं दहा मिनिटांत टिक्क्यांना नावं ठेवली, पंधराव्या मिनिटाला बाह्या सरसावून शेगडीपाशी गेली आणि उरलेलं सारण पिठाच्या पारीत घालून आमच्याकडे पिरोही करतात तशी करायला बसली. अँब्रोज म्हणाला, की माशाला असं गोधडीत गुंडाळलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आणि आई हसली.

तिचं हसू म्हणजे गडगडाट असायचा. वडील गेल्यापासून तो बंद होता. ती हसायची, पण हात तोंडावर ठेवून. आज खोली हादरली. माझे डोळे भरून आले.

ब्राइडनं शेजारणीला कोपर मारलं. "हेच. म्हटलं नव्हतं? हेच ते."

"हेच कोणतं?" मी विचारलं.

"अगं, पानगळीपासून ऐकतोय आम्ही हे हसू. धुकं पडलं की जिन्यावर. कोण बाई म्हणून विचार करून करून डोकं शिणलं."

पानगळीत आई यॉर्कटनमध्ये होती. पडदे ओढून, वडिलांच्या खुर्चीसमोर.

४

मी आवाजांची माणूस आहे. धुक्यात आवाज कसा वागतो हे मला ठाऊक आहे. ओलसर हवा, खाली गोदामांच्या दगडी भिंती, वर टेकडीचा कडा. अशा जागी माणसाचा आवाज कुठून येतो ते कानाला सांगता येत नाही. ब्राइडनं कोणा दुसऱ्या बाईचं हसू ऐकलं असणार, आणि आज आईचं ऐकून दोन्हीची गाठ मारली असणार. माणसं असं करतात. माझ्या दवाखान्यात रोज करतात.

हे सगळं मी चहाच्या कपात बघत स्वतःला समजावलं आणि मला पटलंही.

निघालो तेव्हा धुकं तसंच होतं. बंदराचा भोंगा मधूनमधून घोगरा आवाज काढत होता. गार्थ पुढं, मधे आई, मागं मी. आईचा हात माझ्या हातात. वळणावर गार्थनं हाळी दिली, "गार्थ!"

खालून उत्तर आलं, "गार्थ!"

"प्रतिध्वनी," मी म्हटलं.

पण प्रतिध्वनीला दम लागत नाही. खालून आलेल्या आवाजाला लागला होता, ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाला लागतो तसा. गार्थ थांबला. मीही थांबले. आणि त्या थांबण्यात, आमच्या बऱ्याच खाली, आई हसली. तोच गडगडाट.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. तीही ऐकत होती, मान तिरकी करून, गाणं ऐकावं तशी.

"छान वाटतं नाही दुरून?" ती म्हणाली.

माझा हात गार पडला होता. तिचा ऊबदार होता.

खाली पोहोचलो तर जिन्यावर आम्हाला कोणीच भेटलं नव्हतं. फिलोमिना गाडीत वाट बघत होती. गार्थ पुढच्या सीटवर बसला आणि पट्टा लावता लावता म्हणाला, "तळ्याकाठची जागा. उद्याच हो म्हणून टाकू."

"मी नाही येणार तिथं," मागून आई म्हणाली.

"तुम्ही तर सामान होतात ना?"

"सामान फुटलं."

फिलोमिना हसली नाही. आठवडाभरासाठी भाड्यानं घेतलेल्या घरी आम्हाला सोडताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला राहायचं होतं त्या जिन्यावर. माझं बालपण खालच्या धक्क्यावर गेलंय. वर्षभर विचारत होते मी तिथल्या लोकांना. ते म्हणाले, ये की, कोण अडवतंय. पण कोणी कधी मला ऐकलं नाही जिन्यावर. मग नाही गेले." तिनं खांदे उडवले. "मूर्खपणा आहे सगळा. तुम्ही तळ्याकाठी घ्या."

५

तरीही दोन दिवसांनी मी गेले. आईला घेऊनच गेले, कारण ती मला एकटीला सोडेना. स्वच्छ ऊन होतं. आई ब्राइडकडे पिरोही शिकवायला बसली आणि मी अँब्रोजच्या दारात गेले. त्याचं दार आता टोमॅटोसारखं लाल झालं होतं.

"ये गं राणी. रंग ओला आहे, टेकू नकोस."

मी सरळच विचारलं. "चौथा कोण?"

"पुरुष आहे," तो म्हणाला. "मोठा, बाप्या माणूस. हाळी काय देतो, वा. पोटातून. तुमच्यातलाच आहे, तुमच्या आईबरोबर बोलत असतो."

"तुम्ही त्याला पाहिलंय?"

"धुक्यात कोण कोणाला बघतं?"

"काका, तुमची थट्टा असेल तर आताच सांगा. माझी आई म्हातारी आहे. ती विश्वास ठेवते."

तो ब्रश पुसत राहिला. मग म्हणाला, "आज सकाळी मी दूध आणायला गेलो. थोडं धुकं होतं. खालच्या वळणावर मी म्हटलं, 'अँब्रोज.' वरून नेल म्हणाली, 'नेल.' मग मी कठड्याला चिकटलो, तिला जागा दिली."

"नेल कोण?"

"माझी बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली." अगदी सहज बोलला तो. "तिच्या हातात नेहमी काहीतरी असतं. धडकलो तर सांडायचं."

बाहेर ऊन होतं, चिमण्या होत्या, कोणाच्या तरी रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी, का कोण जाणे, मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला.

"त्या चौथ्याचं नाव सांगू?" त्यानं विचारलं. "हाळीत नावच तर असतं."

"नको," मी म्हटलं. इतक्या घाईनं म्हटलं की मलाच नवल वाटलं.

त्यानं माझ्या खांद्यावरून समुद्राकडे पाहिलं. "खिडक्या लावून घे म्हणावं ब्राइडला," तो म्हणाला. "आलं."

६

ब्राइडच्या स्वयंपाकघरात आई नव्हती.

"बटाटे संपले म्हणून खाली दुकानात गेली," ब्राइड म्हणाली. "मी म्हटलं मी जाते, तर म्हणे तुला निवडता येत नाहीत."

मी दाराबाहेर आले तेव्हा दारासमोरच्या पायऱ्याही दिसत नव्हत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, ओला लाकडी जिना, हातात पिशवी. मी कठडा धरून उतरू लागले. पहिल्या वळणावर ओरडले, "डारिया!"

उत्तर नाही. भोंगा घोगरला.

दुसऱ्या वळणावर मला आईचा आवाज ऐकू आला. ती बटाट्यांविषयी बोलत होती. इथले बटाटे पाणचट, आमच्याकडचे कसे पिठूळ. तिचं नेहमीचंच रडगाणं. मधेच ती थांबली आणि एक पुरुषाचा आवाज काहीतरी म्हणाला. खोल, हसरा आवाज. मला शब्द कळले नाहीत. आई म्हणाली, "तेच तर."

मी हाळी देण्यासाठी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. वाऱ्यानं धुकं क्षणभर फाटलं. खालच्या टप्प्यावर आईचा तपकिरी कोट दिसला. तिच्या कोपराखाली एक हात होता. जाड निळ्या लोकरीची बाही, पुढं मोठा, लालसर पंजा. पंजा अलगद होता, अंडं धरावं तसा. त्या बाहीच्या वर, जिथं खांदा आणि चेहरा असायला हवा, तिथं धुकं होतं.

"हळू, बाबा," तो म्हणाला. "पायरी ओली आहे."

मग फट मिटली.

आमच्या युक्रेनी लोकांत आजीला बाबा म्हणतात. माझ्या आईला आजवर कोणी बाबा म्हटलं नव्हतं. तिला मी एकुलती एक, आणि मी एकेचाळीस वर्षांची. गार्थनं आणि मी मुलासाठी डॉक्टरांचे उंबरे झिजवून तो नाद केव्हाच सोडून दिला होता.

आई एकटीच वर आली. हाताला पिशवी नव्हती. बटाट्यांची पिशवी माझ्या पायाशी, वरच्या टप्प्यावर ठेवलेली होती. ती तिथं कोणी ठेवली, मला ओलांडून कोण कधी गेलं, हे मी आजही सांगू शकत नाही.

"पपा होते?" मी विचारलं.

"छे. स्टेपानचा आवाज मला कळणार नाही? स्टेपाननं उभ्या आयुष्यात पिशवी उचलली का?" तिचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. "हा वेगळाच. फार सभ्य आहे. तुझी तब्येत विचारत होता."

"काय?"

"म्हणाला, आईचा घसा बरा आहे का."

मी पायरीवर बसले. माझं डोकं हिशेब मांडू लागलं. त्या हाताचा माणूस तीस वर्षांचा तरी असेल. मग तेव्हा आई किती वर्षांची... तो हिशेब मी पुरा केला नाही. अँब्रोजला जागा देताना नेलच्या वयाचा हिशेब करावा लागत नाही, एवढंच मनात आलं, आणि हसू आणि रडू एकदमच आलं.

"त्यानं नाव पण सांगितलं," आई म्हणाली.

"सांगू नकोस. आई, शपथ आहे तुला."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरचे थेंब पदरानं पुसावेत तसे कोटाच्या टोकानं पुसले. "पिशवी उचल. ब्राइडनं पाणी उकळत ठेवलंय."

७

गार्थला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, माझा हात दाबला, आणि म्हणाला की आम्ही तिघंही थकलो आहोत. घर बदलताना माणसांना काहीही ऐकू येतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. तो तळ्याकाठच्या घराचं पक्कं करायला सकाळी निघाला. जाता जाता हॅगर्टीच्या जिन्यावर अँब्रोजच्या दाराची बिजागरी नीट करून देतो, असं त्यानं कबूल केलं होतं म्हणून आधी तिकडे गेला.

तो दुपारी परत आला आणि बूट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. केस ओले होते.

"झालं पक्कं?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

त्यानं खिसे चाचपले, उगाचच. "मी उतरत होतो. धुकं होतं. बाजूला कोणीतरी काहीतरी उघडून बसलं होतं, पंप असेल, तेलाचा वास येत होता. मला म्हणाला, 'पपा, बारा-तेराचा पाना आहे का?'"

आई शेगडीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचा हात थांबला.

"मग?" मी म्हटलं.

"हात पुढं आला होता गं." गार्थनं रिकामा तळवा उघडून दाखवला. "मी दिला."

गार्थनं आयुष्यात कोणाला पाना उसना दिला नव्हता, सख्ख्या भावालासुद्धा.

"गॅरेजचं काय?" मी हळूच विचारलं.

"ब्राइडच्या तळघरात बसेल सगळं," तो म्हणाला. "विचारलंय मी तिला."

संध्याकाळी फिलोमिनाला फोन केला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. बरं, कधी बोलावलंत तर येईन मी जेवायला. धुकं नसेल त्या दिवशी."

"असेल त्या दिवशी ये," आईनं माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं. "मी वरून हाळी देईन तुला. तू उत्तर दे. कोणीतरी सुरुवात करायला नको का?"

८

जूनमध्ये आम्ही मोहरीच्या घरात राहायला आलो. सामान चढवायला अख्खा जिना आला. कपाट आणताना गार्थ धापा टाकत वळणावर "गार्थ!" म्हणून ओरडला आणि मला कुठं तरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कपाट अडकलं होतं, विचार करायला सवड नव्हती. फिलोमिना आता दर रविवारी येते. आईच्या पिरोहीत आता मासाच असतो आणि ही आमच्या खेड्यातली मूळ रीत आहे असं ती लोकांना बेधडक सांगते.

धुकं पडलं की मी हाळी देते आणि कानांवर हात ठेवते. उत्तरात नाव असतं, आणि मला ते त्या वाटेनं कळायला नको असतं. भीती अजून वाटते. ती गेली असं मी म्हणणार नाही. तिच्यासोबत राहायची सवय झाली, जशी तिरप्या जमिनीची झाली.

पुढच्या वर्षी, मी बेचाळीस पूर्ण केल्यावर, डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि मग चष्मा काढून माझ्याकडे बघून हसल्या. मुलगा झाला. नऊ पौंडांचा, लालबुंद, पोटातून ओरडणारा. नाव आम्ही दोघांनीच ठरवलं. आईला विचारलं नाही, तिच्या चेहऱ्याकडेही बघायचं टाळलं. आयव्हर ठेवलं, गार्थच्या आजोबांचं.

आई दवाखान्यात आली तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. तिनं बाळाला घेतलं, त्याचा पंजा उलगडून पाहिला, वास घेतला. मग विचारलं, "काय ठेवलंत?"

"आयव्हर," मी म्हटलं आणि श्वास रोखून धरला. गार्थनंही धरला.

"आयव्हर," आईनं म्हणून पाहिलं. तिनं बाळाच्या कपाळावर ओठ टेकले. "छान नाव आहे. गोड आहे पोरगा." आणि मग ती हसली, तोच गडगडाट, इतका की नर्स दारातून डोकावली.

"काय झालं?" गार्थनं विचारलं.

"काही नाही रे," आई म्हणाली. "याची झबली तेवढी जपून ठेवा. कोणाला देऊन टाकू नका. जिन्यावरचा तो हा नव्हे."